वीस चिठ्ठ्या, एकच वचन

२१ डिसेंबर, रविवार

नरेंद्रने आज सव्वा तास घेतला. विषय — देवाचं सार्वभौमत्व आणि माणसाची जबाबदारी. त्यातला दुसरा शब्द इथे उतरवायला मला तीनदा खोडावं लागलं, म्हणजे पुढचं किती कळलं असेल ते आलंच! चौथी पास बाई मी. नगरच्या दवाखान्यात तीस वर्षं आया होते. बेडपॅन धुतले, सार्वभौमत्व कधी धुतलं नाही.

नरेंद्र आठवडाभर बँकेचे कॉम्प्युटर सांभाळतो आणि रविवारी आमचे आत्मे. जमतात सगळे आमच्याच हॉलमध्ये. फुनाबोरीचे आम्ही आणि नरेंद्र, ग्योतोकूहून दोन घरं. मराठी ख्रिस्ती माणसं टोकियोत सापडून सापडून किती सापडणार!

तो म्हणाला, जे जे होतं ते देवाने आधीच ठरवलेलं आहे. आणि तरी माणूस जे करतो त्याचा जाब माणसालाच द्यायचाय. कसं, तर रेल्वेचे दोन रूळ असतात ना मावशी, तसं. दोन्ही खरे. बरोबर चालतात, भेटत नाहीत.

मी म्हटलं, "मग मधे कोण उभं असतं?"

सगळे हसले. नरेंद्र हसला नाही. मीही विनोद केला नव्हता.

लहानपणी आमच्या पाळकसाहेबांना मी विचारलं होतं, शास्त्रातल्या त्या राजाचं मन देवानेच कठीण केलं ना, मग त्यालाच वर समुद्रात का बुडवलं? त्यांनी मला खोबऱ्याची वडी दिली आणि म्हणाले, जा, खेळ. नरेंद्रने तेवढंही दिलं नाही.

२२ डिसेंबर, सोमवार

रणजितला त्याच्या ऑफिसने विचारलंय — इथे कायमचा राहतोस, की पुण्याच्या ऑफिसला परत जातोस? पंधरा जानेवारीच्या आत कळव. हे नोव्हेंबरात. तेव्हापासून माझा मुलगा देवाला विचारतोय.

"देवाची इच्छा कळू दे, आई." चहा पिताना तेच. बूट घालताना तेच. अरे, देवाने डोकं दिलंय ते काय केस विंचरायला? तेही आता राहिले नाहीत!

अनघाचं सरळ आहे. सून माझी, पण सरळ. इथल्या पाळणाघरात नोकरी करते, जपानी फाडफाड बोलते. म्हणते, "मला इथे आवडतं, आई. राहायला मिळालं तर मला हवंय." आणि मग पुढे जोडतेच — "पण रणजितला देवाकडून कळू दे."

मला कोणी विचारत नाही. कोणी विचारलंच तर मी म्हणते, "देवाची इच्छा, बाबा. म्हातारीचं काय एवढं?" आणि मान अशी खाली घालते की कोणालाही दया यावी. येत नाही. मान दुखते तेवढी.

वहीत लिहायला काय जातंय — मला घरी जायचंय. ह्या सगळ्यांना घेऊन. दोन खोल्या तीन वर्षं कुलपात आहेत. दारातल्या शेवग्याच्या शेंगा कोण काढून नेतं मला माहीत आहे. तिचं नाव लिहीत नाही, नाताळ जवळ आलाय.

२४ डिसेंबर

करंज्या. चाळीस केल्या. रव्याला चव नाही. सगळ्यांनी छान म्हटलं. खोटं बोलायला लोकांना नाताळही चालतो.

चिठ्ठ्या अजून लिहायच्यात. दर वर्षी एक जानेवारीला सकाळी प्रार्थना झाली की प्रत्येकाने डब्यात हात घालून एक चिठ्ठी काढायची. त्यावर शास्त्रातलं एक वचन. ते त्याचं वर्षभराचं. नगरला आमच्या देवळातही हेच, माझ्या आईच्या वेळेपासून. इथे आल्यापासून चिठ्ठ्या मी लिहिते, कारण अक्षर माझं बरं आहे. चौथीपर्यंत तेवढंच शिकवलं होतं.

लोक फार मनावर घेतात. ग्योतोकूच्या हरीशला मागल्या वर्षी थांब, धीर धर असं वचन निघालं. तो नोकरी सोडायला निघालेला, थांबला. चार महिन्यांत बढती! तेव्हापासून तो मला बघितलं की वाकूनच सलाम करतो. जणू मीच वर बसून लिहिते.

२७ डिसेंबर, शनिवार

मीच लिहिते की!

आज दुपारी हे सुचलं, भांडी घासता घासता. लगेच कोट घालून शंभर येनच्या दुकानात गेले आणि चहाचा डबा आणला. आमच्याकडे आहे अगदी तसाच — हिरवा, त्यावर बगळा.

आता नीट लिहून ठेवते, म्हणजे नंतर नाही म्हणायला तोंड राहणार नाही. जुन्या डब्यात नेहमीच्या चिठ्ठ्या, धीर धर, भिऊ नको, आनंद कर वगैरे. नव्या डब्यात वीस. विसांवर एकच वचन — आपल्या देशी, आपल्या माणसांत माघारी जा. वचन मी बनवलेलं नाही हां! शास्त्रातलंच आहे. मी फक्त ते वीस वेळा आवडीने लिहिलं.

रणजित यजमान, म्हणून सगळ्यांच्या मागून काढतो. त्याच्या आधी मी "चहा उतू जाईल" म्हणून आत जाणार आणि बाहेर येणार ती बगळा बदलून.

एकच चिठ्ठी ठेवली असती तर पोराला संशय आला असता. वीस असल्या म्हणजे तो हात फिरवणार, वरची नको, खालची घे, अगदी आपल्या मनासारखी. पूर्ण मोकळीक! कोणी त्याचा हात धरलाय का? आपल्या मर्जीने उचलेल. आणि निघेल ते आईने लिहिलेलं. नरेंद्रला सांगावंसं वाटलं — बाबा, रूळ राहू दे. डबा घे.

बारावी चिठ्ठी लिहिताना मात्र हात थांबला. मनात आलं, वरचाही असंच करत असेल का? सगळ्या चिठ्ठ्या एकच, आणि वर आपल्याला म्हणायचं, निवड गं बाई तुझी तू.

मग म्हटलं, करत असेल तर मी त्याचीच लेक. पुढच्या आठ लिहून टाकल्या.

१ जानेवारी

झालं.

सकाळी दहाला सगळे जमले. नरेंद्रने प्रार्थना केली, ह्या वर्षी तुझीच इच्छा पूर्ण होवो, बापा. मी सर्वांत मोठ्याने आमेन म्हटलं. लाज नावाची गोष्ट मी नगरलाच कुलूप लावून आले असणार.

डबा घेऊन मीच फिरले. हरीशला निघालं भिऊ नको. त्याची बायको म्हणाली, "आता काय करायचं ठरवताय?" अनघाला आनंद कर. मग माझा चहा उतू गेला. खरं तर गॅसही पेटवला नव्हता.

रणजितने डोळे मिटले. हात घातला. किती वेळ! ढवळल्या, एक धरली, सोडली, तळातून दुसरी काढली. मी तोंडावर पदर धरला, कारण मला हसू येत होतं. देवाला एवढी मोकळीक मी आयुष्यात पहिल्यांदा दिली.

त्याने चिठ्ठी उघडली. वाचली. मला वाटलं, आता चेहरा उजळेल. तो पांढरा पडला. घडी घालून खिशात टाकली आणि सगळ्यांना म्हणाला, "नंतर सांगतो."

मी डबा आत नेऊन ठेवला, दुसऱ्या डब्याशेजारी. तेवढ्यात नरेंद्र ओरडला, "मावशी, तुमची राहिली की!" अबोली टुणटुण आत पळाली आणि डबा घेऊन आली. पाच वर्षांची माझी नात, तिला डबा धरायचा भारी मान. "आजी, हाय, दोझो!" म्हणजे हं, घे. सगळे बघत होते. घेतली एक. वाचली मात्र नाही. दुसऱ्याच्या वचनात खोट करून आपलं कुठल्या तोंडाने वाचू? चष्म्याच्या डबीत, पुसायच्या फडक्याखाली सारली.

"आजीचं गुपित!" सगळे हसले. हसा.

३ जानेवारी

रणजित अर्धंच जेवला. मी विचारलं, "काय निघालं रे तुला?" केवढा भोळा आवाज काढला मी! नाटकात जायला हवं होतं.

म्हणाला, "आई, मला थोडा वेळ दे."

दिला. म्हटलं, देव काम करतोय. अनघाही त्याच्याकडे बघते, विचारत नाही. मुरायला ठेवलेल्या लोणच्याचं झाकण सारखं उघडायचं नसतं.

५ जानेवारी, सोमवार

सुट्ट्या संपल्या. सगळे गेल्यावर नवा डबा काढला. उघडून वरची एक चिठ्ठी पाहिली — माघारी जा. हाच तो. पुरावा! डबा, झाकण, चिठ्ठ्या, वर कालचा चहाचा चोथा, सगळं एका पिशवीत बांधून ठेवलं. उद्या जळणाऱ्या कचऱ्याचा दिवस. जाळून टाकतील. जपान्यांसारखं जाळणारं कोणी नाही.

६ जानेवारी, मंगळवार

नाही जाळलं.

अकराला बेल वाजली. खालचे हिराई-सान. आमच्या इमारतीचे राखणदार, सत्तरीचे, कायम पांढरे हातमोजे. कमरेत वाकले. हातात माझी पिशवी. तिच्यावर लाल स्टिकर, म्हणजे गाडीवाल्यांनी ही घेतली नाही. जळणाऱ्यांत पत्र्याचा डबा! तीन वर्षं इथे राहून एवढी अक्कल नाही मला. आणि माझी म्हणून ओळखली कशी, तर चिठ्ठ्यांवरून. ह्या इमारतीत मराठी लिहिणारी कोण दुसरी बसलीय?

एवढ्यावर ते परत जाते तर! नाही. त्यांनी मला शिकवायला म्हणून सगळं वेगवेगळं करून आणलं होतं. हा डबा, पत्र्याचा, त्याचा वार वेगळा. हा चोथा, जळणारा, शुक्रवारी. आणि हा कागद. सगळ्या चिठ्ठ्या उलगडून, चोथ्याचं पाणी टिपून, सपाट करून, एकावर एक रचून पांढऱ्या सुतळीने बांधलेल्या. वर गाठ. माझ्या पापाचा एवढा सुबक गठ्ठा मी स्वतः बांधला नसता!

आणि अनघा घरीच. आज तिची सुट्टी. मागून आली, हिराई-सानना चार वेळा वाकून माफी मागितली, दार लावलं. गठ्ठ्यावरची चिठ्ठी वाचली. गाठ सोडली. दुसरी वाचली. तिसरी. मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत होते. फुजी डोंगर होता.

"आई, हे काय आहे?"

"जुना कागद."

"रणजितला हेच निघालं?"

ती मोजायला लागली. "अठरा सारख्या चिठ्ठ्या, आई!"

"एकोणीस," मी म्हटलं. "वीस लिहिल्या होत्या, त्याने एक घेतली." बघा! आरोपी उभा आहे, आणि पोलिसाची बेरीज सुधारतोय!

"अठराच आहेत. तुम्ही मोजा."

मोजल्या. अठराच. मी वीस लिहिल्या होत्या, बोटांवर मोजून. असू दे. हिराई-सानच्या झाडूत गेली असेल एक.

मला वाटलं, आता आरडाओरडा होईल. तिने चहा टाकला. मग म्हणाली, "मी रणजितला सांगणार नाही."

जिवात जीव आला. एक मिनिटभरच.

"मला इथेच राहायचंय हे त्याला माहीत आहे. मी सांगितलं तर त्याला वाटेल, स्वतःच्या सोयीसाठी सांगतेय. तुम्ही लिहिल्यात, तुम्ही सांगा. पंधरा तारखेच्या आत."

सून सरळ असली की हे असं होतं. वाकडी असती तर जमवून घेतलं असतं काहीतरी.

८ जानेवारी

सांगितलं नाही.

आज देवाशी भांडले, गुडघ्यावर, बाथरूमचं दार लावून. म्हटलं, तू सगळं ठरवतोस ना? मग डबा मला तूच सुचवलास. दुकानात बगळ्याचा डबा तूच शिल्लक ठेवलास. तुला नको असता तर रणजितचा हात नाही का थांबवायचास? म्हणजे तुलाही हवंच होतं. मग माझा गुन्हा कुठे?

बोलताना फार पटत होतं. उठताना गुडघा धरला आणि आठवलं — काल अबोलीने दूध सांडलं. सांडलं आणि म्हणाली, "आजी, ग्लासच पडला!" मी तिला काय म्हटलं होतं? ग्लास नाही पडला बाई, तू पाडलास, फडकं आण.

पाच वर्षांच्या पोरीला फडकं आणायला लावते, आणि स्वतः सत्तर वर्षांची देवाला फडकं आण म्हणतेय.

९ जानेवारी

रणजित आज उतरायच्या स्टेशनवर उतरलाच नाही. चार स्टेशनं पुढे जाऊन परत आला. अनघा माझ्याकडे नुसती बघते. बोलली असती तर बरं, बघणं फार लागतं.

११ जानेवारी, रविवार

नरेंद्रचं बोलणं संपलं तसा रणजितने हात वर केला, शाळेत करतात तसा. "नरेंद्रदादा, माणसाने एक गोष्ट करून टाकली आणि मागून कळलं की देवाला बरोब्बर उलटं हवं होतं — तर?"

नरेंद्र म्हणाला, "देवाच्या इच्छेतून कोणी पळून जाऊ शकत नाही, रणजित. पण पळणाऱ्याची सुटकाही नाही." आवाज असा लावला की हरीशच्या बायकोने पर्स पोटाशी धरली.

रणजितचा चेहरा मी दवाखान्यात पाहिलाय. रिपोर्ट हातात घेऊन बाहेर बाकावर बसणाऱ्यांचा असतो.

"करून टाकली" का म्हणाला तो? काय करून टाकलं? काही कळत नाही. एवढं कळलं की माझा मुलगा माझ्या अक्षराला घाबरलाय.

देव काम करतोय म्हणे. देव नाही, मी करतेय.

१२ जानेवारी, सोमवार

आज इथे सुट्टी, विशीत आलेल्यांचा सण. वीस वर्षांच्या पोरी नटूनथटून किमोनो घालून फिरत होत्या. रणजितला म्हटलं, चल, नदीवर जाऊन येऊ. बांधावरच्या बाकावर बसलो. थंडी अशी की दात वाजत होते. म्हटलं बरं झालं, आवाज कापला तर थंडीने म्हणता येईल.

सांगितलं सगळं. डबे, बगळे, वीस, चहा. एका दमात, मधे श्वास घेतला असता तर थांबले असते.

त्याने खिशातून चिठ्ठी काढली. अकरा दिवसांत घडी घालून घालून तिची चिंधी झाली होती.

"आई, मी सव्वीस डिसेंबरलाच ऑफिसला कळवलं होतं. इथेच राहतो म्हणून."

मला आधी समजलंच नाही.

"वाटलं, नवीन वर्षाला काहीतरी चांगलं वचन निघेल, मग सगळ्यांना सांगू. अनघालाही बोललो नव्हतो. आणि हे निघालं." चिठ्ठी हलवली. "अकरा दिवस मी देवापासून पळालेला माणूस म्हणून जगतोय. रात्री डोळा लागत नाही. अबोलीला ताप आला तरी वाटायचं, माझ्यामुळे."

तिला नुसती सर्दी होती. पण हे मी बोलले नाही. आज एवढं शहाणपण केलं.

मग तो भडकला. बरं वाटलं मला, रंग आला तोंडावर. "सरळ का नाही सांगितलंस? आई, मला घरी जायचंय — एवढे चार शब्द नाही बोलता आले?"

मी मोजले. चारच. ह्या पोराने गणितात नाव काढलं ते उगीच नाही.

"आणि तू रे?" मी म्हटलं. "सगळं ठरवून बसलास, कळवूनही टाकलंस, आणि आमच्यापुढे चहाच्या कपाला कपाळ टेकून देवाची इच्छा, देवाची इच्छा! निदान मी डबा तरी विकत आणला. तुझा कुठे होता डबा?"

तो हसला. नाकातून हसतो तो, त्याच्या बापासारखा. मीही हसले. कुत्र्याला घेऊन एक म्हातारा जपानी चालला होता, तो जरा लांबून गेला.

हसून झाल्यावर तो म्हणाला, "आई, मी राहणार आहे. देवाने सांगितलं म्हणून नाही. मला राहायचंय. अनघाला राहायचंय. आता तुझं बोल."

मी काय म्हटलं? "माझं काय, बाबा. देवाची—"

आणि थांबले. जीभच चावली गेली. त्याची भुवई वर गेली होती. घरी येईपर्यंत मी एक शब्द बोलले नाही. तीन वर्षांत पहिल्यांदा.

१३ जानेवारी

रणजितने अनघाला सव्वीस तारखेचं सांगितलं. ती म्हणाली, "म्हणजे ह्या घरात देवाशिवाय कोणाचंच कोणाला माहीत नसतं!" आणि दोघांना एकेक कागद आणि पेन दिलं. आपल्याला काय हवंय ते लिहा म्हणाली, पाळणाघरात पोरांना देतात तसं. रणजितने लिहिलं. मी अबोलीला बगळा काढून दिला.

दोन वाट्या जास्त जेवला आज.

१४ जानेवारी, बुधवार

दुपारी घर रिकामं. माझ्याच स्वयंपाकघरात पाहुणीसारखी बसले होते.

मला काय हवं होतं? सगळे परत. ते तर गेलं. ते तीन माणसांचं आयुष्य होतं, मी त्याच्यावर माझं अक्षर काढत होते. मग माझ्यापुरतं काय राहतं? कुलूप. किल्ली माझ्याच पाकिटात आहे. तीन वर्षं आहे. कोणी काढून घेतलेली नाही. एकटी जाऊन राहायला मला कोणी नको म्हटलं नव्हतं, कारण मी कधी विचारलंच नव्हतं. भीती वाटते ना. गुडघा असा. न्हाणीघरात पडले तर? ही भीती मी इतकी वर्षं देवाची इच्छा म्हणून गुंडाळून ठेवली. छान बसते त्यात.

आणि अबोली. संध्याकाळी दारात बूट भिरकावून "आजी!" म्हणून ओरडते. तेही आहे. दोन्ही कसं मिळणार? निवडायला लागेल. मेलं ह्याचसाठी देव बरा पडतो.

चष्मा पुसायला डबी उघडली. फडक्याखाली चिठ्ठी. उद्या वाचीन. धीर धर निघालं तर बघा, अजून तीन वर्षं बसायला मोकळी!

१५ जानेवारी

वाचली. माझंच अक्षर. माघारी जा.

एकोणिसावी. पोरीने कोणता बगळा उचलला, मी का पाहिलं नाही, कोणी घडवलं — नरेंद्रला विचारणार नाही. खोबऱ्याची वडीही नको. चिठ्ठी फाडली आणि कागदाच्या गठ्ठ्यात ठेवली, सुतळीखाली, हिराई-सानसारखी.

मग रणजितला हाक मारली. "मला घरी जायचंय. एकटीला. तिकीट काढ."

तो म्हणाला, "देवाने सांगितलं?"

म्हटलं, "नाही. मी सांगतेय."